डबल अ‍ॅक्शनवाल्या बाई

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात आम्ही ज्यांच्या घरामागच्या युनिटमध्ये भाड्याने राहायचो, त्या बाई रिव्हॉल्व्हरला 'आ' करायला लावायच्या.

थट्टा नाही. कोणीही रिव्हॉल्व्हर दाखवायला हातात दिलं, की त्या बाजूचा खटका सरकवून गोळ्यांची चक्री उघडायच्या आणि तोंडातून आपसूक निघायचं, "हं, आ करा." मग पर्समधून दातांच्या डॉक्टरांचा तो लांब दांड्याचा इवलासा आरसा बाहेर यायचा. तो आत घालून, मान तिरकी करून, चष्म्याच्या खालच्या भागातून त्या बराच वेळ बघत राहायच्या. विकणारा बहुधा उन्हाने लाल झालेला सहाफुटी शेतकरी असायचा. तो गोंधळून माझ्याकडे बघायचा, जणू मी त्यांचा कंपाउंडर. मीही कंपाउंडरासारखाच चेहरा करून उभा असायचो. शेवटी बाई आरसा पुसत इंग्रजीत निकाल द्यायच्या, "मागची दाढ गेलीय. नको."

बाई मूळच्या सांगलीच्या. दातांची डॉक्टरकी मुंबईत शिकल्या, लग्न होऊन ऑस्ट्रेलियात आल्या, आणि लग्न मोडल्यावर परत न जाता टूवूंबातच दवाखाना चालवला. लग्नाबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या, "कॅप चांगली होती रे, फिटिंग बरोबर नव्हतं." आम्ही गेलो तेव्हा दवाखाना बंद करून त्यांना काही वर्षं झाली होती. माझी बायको मेघना फिजिओथेरपिस्ट. तिला तिथे हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही सिडनीतलं टूनगॅबी सोडून तिकडे गेलो. मी सॉफ्टवेअरवाला. घरूनच काम, त्यामुळे कुणाच्याही हाकेला उपलब्ध. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं.

"शनिवारी काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"लायसन्स आहे ना गाडीचं? मग चल माझ्याबरोबर. मला हायवेवर चालवायला आवडत नाही. सगळे मागून हॉर्न देतात."

भाजी आणायला जायचं असेल असं मला वाटलं. आम्ही गेलो ते गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबात.

माझं तोवरचं शस्त्रज्ञान म्हणजे कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली दिवाळीची टिकल्यांची बंदूक. तीही मी कान झाकून उडवायचो. पण पुणेकराला एखादा विषय येत नाही हे कबूल करायला फार वेळ लागतो. सभासदत्वाचा अर्ज मंजूर व्हायच्या आधीच मी पिवळ्या काचांचा नेमबाजीचा चष्मा, कानांवरचे मफ आणि असंख्य कप्प्यांची बॅग मागवली. कप्प्यांत ठेवायला काही नव्हतं म्हणून एकात केळं ठेवायचो. त्या वेशातला फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. वडिलांचा फोन आला, "तुला तिकडे वॉचमनची नोकरी लागली का?"

पहिल्या सरावात क्लबाचं रिव्हॉल्व्हर घेऊन मी मन लावून गोळ्या झाडल्या. माझ्या कागदावर एकही भोक नव्हतं. शेजारच्या टेरीच्या कागदावर मात्र झाडल्या होत्या त्यापेक्षा जास्त भोकं निघाली. टेरी म्हणजे क्लबाचा कॅप्टन. आयुष्यभर गुरांचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, मान नावालाही नसलेला माणूस. त्याने कागद खाली घेतला, नीट निरखला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक्स, मेट. गरज नव्हती, पण थँक्स."

डबल अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे बाईंनी मला गाडीत, क्लबात, स्वयंपाकघरात आणि एकदा सत्यनारायणाचा प्रसाद घेताना समजावलं होतं. साध्या पद्धतीत रिव्हॉल्व्हरचा मागचा घोडा आधी अंगठ्याने ओढून ठेवायचा, मग चाप नुसता बोटाने दाबला की काम होतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये अंगठा लावायचाच नाही. चाप ओढायला सुरुवात केली की त्याच एका ओढीत चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो. ती ओढ लांब असते, जड असते. आणि सगळी गंमत तीत असते. वाईट रिव्हॉल्व्हरमध्ये मध्येच खडे लागतात, शेवटी तर भिंत लागते. चांगल्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वजन.

"घोडा आधी ओढून ठेवणं म्हणजे पेशंटला भूल देऊन गुदगुल्या करणं," बाई म्हणायच्या. "अरे, एकदा सुरू केलं की अर्ध्यात थांबायचं नाही, घाई करायची नाही. दात काढतानाही तेच. झटका देतो तो न्हावी."

सबंध आयुष्यात एकदा तरी ती निर्मळ ओढ असलेलं रिव्हॉल्व्हर आपल्या तिजोरीत असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तिजोरीत होती ती तीनही वाईट नव्हती. दसऱ्याला त्या तिजोरी उघडून तिन्हींना कुंकू लावायच्या आणि शेजारी दात काढायची जुनी पक्कड मांडायच्या. आपटा तिकडे मिळत नाही, म्हणून कुंपणाशेजारच्या कांचनाची पानं आम्हाला सोनं म्हणून द्यायच्या. "पानाचा आकार तोच आहे, वाद घालू नकोस." मी वाद घातला नव्हता. पण तिन्हींत काही ना काही खोड होती, आणि त्यांना बिनखोडीचं हवं होतं.

त्यावरून टेरीशी त्यांचं कायमचं वाजलेलं. टेरीकडे कारखान्यातून आलं तसंच, स्क्रूही न उघडलेलं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्याच्याच जोरावर तो क्लबाच्या सगळ्या स्पर्धा जिंकायचा. त्याचं म्हणणं, कारखान्यात लोकांना अक्कल असते. त्यांनी बनवलं ते तसंच वापरावं. बाईंचं म्हणणं, पूर्वी कारखान्यातही हातांनी घासून भाग बसवायचे, आता मशीन कापतं आणि माणूस नुसता डब्यात भरतो. हल्ली खरं चांगलं हवं तर कारागिराकडून बनवून घेतलेलं शोधावं. दोघं बाकावर शेजारी बसून हे दर शनिवारी नव्याने बोलायचे. वाद फार चढला की बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "टोणगा आहे नुसता."

"डॉक काय म्हणाली?" टेरीने एकदा विचारलं.

"स्ट्राँग अ‍ॅनिमल," मी म्हणालो.

तो इतका खूश झाला की पुढे स्वतःच्या टोपीवर मार्करने ते नाव लिहून घेतलं. देवनागरीत. लिहिलं मीच.

शोधासाठी आम्ही कुठे कुठे गेलो! वॉरिकच्या दुकानात, लॉकयर खोऱ्यातल्या एका जुन्या नेमबाजाकडे, कुठल्याशा शोग्राउंडच्या पत्र्याच्या हॉलमधल्या बंदुकांच्या प्रदर्शनात. ऑस्ट्रेलियात पिस्तूल कांदेबटाट्यासारखं घेता येत नाही. क्लब, लायसन्स, प्रत्येक हत्याराची वेगळी परवानगी, जमिनीला बोल्टने जखडलेली तिजोरी, आणि वर क्लबात ठरावीक वेळा येऊन नेम मारल्याची हजेरी. हजेरी भरली नाही की लायसन्स जातं आणि लायसन्स गेलं की तिजोरी रिकामी करावी लागते. त्यामुळे विकणारे थोडे, चांगलं विकणारे त्याहून थोडे. बाई एकेकाचा चाप ओढून बघायच्या आणि नाकारायच्या. एकाने सांगितलं, नामांकित कारागिराने घासून दिलंय, लोण्यासारखं चालतं. बाईंनी ओढून पाहिलं. "लोणी आहे," त्या म्हणाल्या, "पण फ्रीजमधलं." दुसऱ्याचं अगदी मऊ होतं, तर म्हणाल्या की स्प्रिंग कापून हलकं केलंय, घोडा गोळीवर पडेल, पण ठोकणार नाही. "हे म्हणजे दुखतंय म्हणून नस मारून टाकली. दात काय कामाचा मग?"

त्याच प्रदर्शनात मला वाटलं, आता आपल्यालाही कळायला लागलंय. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका टेबलावर अक्रोडाच्या मुठीचं, नळीवर वेलबुट्टी कोरलेलं देखणं रिव्हॉल्व्हर होतं. मी ते परवानगी घेऊन उचललं. हळूच 'आ करा' म्हणालो. फोनच्या टॉर्चने आत पाहिलं. तिथे जे दिसलं त्याचा अर्थ मला कळला नाही, पण भुवया उंचावल्या. चाप ओढला, काय तो मऊ! विकणाऱ्याला म्हटलं, "लॉकअप छान आहे." चक्री जागच्या जागी घट्ट बसण्याला म्हणतात तो हा शब्द मी गाडीत ऐकला होता. धावत जाऊन बाईंना घेऊन आलो.

बाईंनी ते हातातही घेतलं नाही.

"अरे, नळी भरीव आहे," त्या म्हणाल्या. "हे भिंतीवर लावायचं शोभेचं आहे."

विकणारा सभ्य होता. म्हणाला, "युअर मेट हॅज अ गुड आय फॉर फर्निचर."

घरी येऊन हे मी मेघनाला रंगवून सांगितलं. ती हसली, पण मग म्हणाली, "बाईंनी ते हातात का घेतलं नाही?"

"खोटं होतं म्हणून."

"आज निघण्याआधी चहाला आल्या तेव्हा कप दोन्ही हातांनी धरला होता. उजवा अंगठा आत वळलाय, आणि बोट थरथरतं. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. वर्षभर मी त्या बाईंच्या शेजारी उभं राहून त्यांच्या हातांकडेच बघत होतो, आणि मला फक्त रिव्हॉल्व्हर दिसत होती. मग एकेक आठवायला लागलं. अलीकडे त्या सरावात दोनचार गोळ्या झाडून थांबायच्या आणि "आज हवा बरोबर नाही" म्हणायच्या. उरलेला वेळ उजवा हात कोटाच्या खिशात. मी हवेचा अंदाजही बघायला लागलो होतो त्यांच्यामुळे. आणि नाकारलेल्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरबद्दल त्या एकच म्हणायच्या: शेवटी जड होतं. चोखंदळपणा होता तो, खराच होता. पण त्याखाली दुसरं होतं. त्यांना आता असं रिव्हॉल्व्हर हवं होतं जे त्यांच्या बोटाला ओढता येईल. नाहीतर हजेरी नाही, हजेरी नाही तर लायसन्स नाही.

"विचारू का त्यांना?" मेघना म्हणाली. "व्यायामाने फरक पडतो."

"अजिबात नको," मी म्हणालो. "घरातून काढतील आपल्याला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावातल्या बंदुकांच्या दुकानदाराचा बाईंना फोन आला. डाल्बीकडचा एक गुरंवाला वारला होता. त्याने उमेदीत एका कारागिराकडून खास स्वतःसाठी रिव्हॉल्व्हर बनवून घेतलं होतं. कारागीरही आता नव्हता. नियमाप्रमाणे ते दुकानदाराच्या ताब्यात होतं. पण त्या माणसाच्या बायकोने, जूनने, अट घातली होती की विकत कोण घेतोय ते ती बघणार. आणि त्याने ते आपल्यासमोर झाडून दाखवायचं.

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही सगळे क्लबात जमलो. दुकानदार पेटी घेऊन आला. जून बारीक चणीची, मोठी हॅट घातलेली बाई. तिने येताना सगळ्यांसाठी स्कोन्स, ते छोटे गोल पाव, भाजून आणले होते. टेरी कॅप्टन म्हणून हजर होता आणि कारागिराच्या हातची वस्तू एकदाची बघायला टपलेलाही.

बाईंनी पेटी उघडली. दिसायला रिव्हॉल्व्हर अगदी साधं होतं. निळसर काळं, मुठीचं लाकूड हाताने गुळगुळीत झालेलं. त्यांनी चक्री उघडून रिकामी असल्याची खात्री केली. आरसा काढला नाही. चक्री मिटली, लक्ष्याकडे धरून, डावा हात उजव्याखाली घेऊन चाप सावकाश ओढला. बारीक, स्वच्छ आवाज झाला. मी त्यांना एखाद्या रिव्हॉल्व्हरबद्दल काहीच न बोलताना पहिल्यांदा बघत होतो.

"डॅरिलला ते फार आवडायचं," जून म्हणाली.

"त्यांना कळत होतं," बाई म्हणाल्या.

टेरीने सगळ्यांना मागे घेतलं, मफ लावायला सांगितले. बाईंनी गोळ्या भरल्या आणि रिव्हॉल्व्हर उचललं.

पहिली गोळी सुटली. कागदाच्या खालच्या कडेला लागली. दुसऱ्या वेळी चाप मागे जायला लागला, घोडा अर्ध्यावर उठला आणि तिथेच अडकला. बोट पुढे जाईना. पांढरं पडलेलं ते बोट मला मागून दिसत होतं. त्यांनी चाप हळूच सैल सोडला, श्वास घेतला, पुन्हा ओढला. पुन्हा अर्ध्यावर.

टेरी त्यांच्या शेजारी गेला. मी त्याला इतक्या हलक्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "डॉक, घोडा अंगठ्याने आधी ओढ. डावा अंगठा लाव. हलकं जाईल. नियमात बसतं, हजेरी भरते. कुणाला काय करायचंय?"

खरंच नियमात बसत होतं. लायसन्स राहिलं असतं, तिजोरी राहिली असती, रिव्हॉल्व्हरही त्यांना मिळालं असतं. बाईंनी रिव्हॉल्व्हर खाली आणलं, चक्री उघडून गोळ्या काढल्या, ते उघडंच टेबलावर ठेवलं आणि मफ काढले.

"यात काही दोष नाही," त्या जूनला म्हणाल्या. "मी आजवर पाहिलेलं सगळ्यात चांगलं आहे." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "किडलेला दात माझा आहे रे."

स्कोन्सवर माश्या बसायला लागल्या होत्या.

"मग हे घेणार कोण?" जूनने विचारलं.

आणि इथे, वाचकहो, मला कळून चुकलं की आपली वेळ आली. इतके शनिवार मी त्यांना गाडीतून फिरवलं होतं. त्यांची विद्या दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मलाही येत नव्हती, पण ऐकली तरी होती. बाई आता माझ्याकडे वळणार, आणि मी आधी नाही म्हणणार हे उघड होतं. 'नाही बाई, माझी काय लायकी' इथून सुरुवात करून, हळूहळू गहिवरत, 'पण तुमची आज्ञाच असेल तर' इथवर यायचं मी मनात ठरवलं. मी केळ्याची बॅग खाली ठेवली. घसा साफ केला.

"हा," बाई म्हणाल्या, आणि टेरीकडे बोट केलं.

"मी?" टेरी म्हणाला. "माझं आहे की. फॅक्टरीचं. मस्त आहे."

"टेरी, भांडायला ताकद नाही आज. ओढून बघ."

मी म्हणालो, "बाई, मीसुद्धा..."

"तुला कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. "तू आधी स्वतःच्या कागदावर मारायला शीक."

टेरीने टोपी सरळ केली आणि उभा राहिला. पहिली गोळी झाडून तो थांबला, रिव्हॉल्व्हरकडे बघितलं. मग उरलेल्या पाच एका संथ लयीत गेल्या, मध्ये कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. सहाही भोकं एका बशीएवढ्या जागेत. त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, ठेवलं आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "ब्लडी हेल, डॉक," तो म्हणाला. "इतकी वर्षं तू बरोबर होतीस."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या.

जूनने स्कोन्सवरच्या माश्या हाकलल्या आणि सगळ्यात मोठा स्कोन टेरीच्या हातात दिला. तिच्या बाजूने सौदा झाला होता.

परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ज्वारीची शेतं संपून घरं लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मेघना घरी आहे आज?"

"आहे."

"तिला म्हणावं, मी येते चहाला. हात दाखवायचाय." मग म्हणाल्या, "आणि तू तेव्हा बाहेर जा. दूध वगैरे आणायला."

"दूध आहे घरात, बाई."

"मग ब्रेड आण."

ब्रेडही होता. मी सुपरमार्केटात जाऊन तरी आणखी एक घेतला, आणि रांगेत दोन म्हाताऱ्यांना पुढे सोडलं, वेळ जावा म्हणून. येताना मी मनात चांगली धीराची चार वाक्यं जुळवली होती. दार उघडलं तर बाईंचा उजवा हात मेघनाच्या दोन्ही हातांत होता, ती एकेक बोट हळूच उलगडत होती, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," मेघना म्हणाली. "बाई सांगत होत्या, आज तू तिथे घसा कसा साफ केलास ते."